जिभेचा विवेक

मदिरेविषयी बोलण्याची धर्मगुरूची एक ठरलेली रीत असते आणि ती म्हणजे निषेध. ही रीत चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आमची बहुतेक सेवा झाली, तेथे दारूने धुळीस मिळालेले इतके संसार आम्ही पाहिले आहेत की निषेधाचा शब्द आपोआप ओठांवर येतो. तथापि निषेधाने एक प्रश्न सुटत नाही आणि तो केवळ दारूपुरता मर्यादितही नाही. एखाद्या पदार्थाची चव मन लावून घेणे, तिचे बारकावे ओळखणे, ही गोष्ट नीतीच्या दृष्टीने चांगली, वाईट की उदासीन? आणि चव ओळखणाऱ्याने काय काय ओळखले म्हणजे त्याची ओळख पुरी झाली असे म्हणावे? या प्रश्नांचा विचार आम्ही येथे एका परदेशी मद्याच्या निमित्ताने करणार आहोत. ते मद्य उसाचे आहे. आणि उसाची गोष्ट निघाली की ती आपल्या अंगणातलीच होते.

आपल्याकडे रम होते ती बहुधा मळीपासून. ऊस गाळला, रस आटवून साखर वेगळी काढली, की मागे काळा, दाट, चिकट द्रव उरतो. तो आंबवून आसवनीत चढवला की मद्यार्क मिळतो. 1933 साली साखर कारखाना म्हणून उभे राहिलेले श्रीरामपूरजवळचे टिळकनगर पुढे मद्यासाठीच देशभर ओळखले जाऊ लागले. 1950-51 च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी गाळप सुरू झाले आणि कालांतराने तेथेही साखरेच्या जोडीला आसवनी आली. मळीचा तो उग्र, आंबूस वास प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवरच्या माणसाला अनोळखी नाही. आपल्या हिशेबात साखर हे फळ आणि मद्य हा त्याच्या सालपटाचा उपयोग.

कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर मात्र वेगळी पद्धत आहे. तेथे साखर काढण्याच्या भानगडीत न पडता उसाचा ताजा रसच आंबवतात. या रमला फ्रेंच भाषेत 'आग्रिकोल', म्हणजे शेतकी, असे विशेषण आहे. तिचा जन्म अडचणीतून झाला. एकोणिसाव्या शतकात युरोपात बीटपासून साखर होऊ लागली, उसाच्या साखरेचा भाव कोसळला, आणि न परवडणारी साखर करण्यापेक्षा रसाचीच रम करावी, असे बेटावरच्या मळेवाल्यांनी ठरवले. 1996 साली फ्रेंच शासनाने मार्टिनिकच्या या रमला नियमांनी बांधलेला, मूळस्थानाचा मानाचा शिक्का दिला. ऊस कोणत्या गावांतला, रस किती दिवस आंबवायचा, अर्क किती तीव्रतेचा उतरवायचा, हे सारे त्यात ठरलेले आहे. 'जुनी' हे नाव लावायचे तर ती 650 लिटरपेक्षा लहान अशा ओक लाकडाच्या पिंपांत किमान 3 वर्षे मुरली पाहिजे. उंची प्रतीला 6 वर्षे लागतात. आपल्या देशातही उसाच्या रसापासून केलेली आणि बारा वर्षे पिंपात मुरवलेली एक रम 2022 मध्ये हरियाणातील एका आसवनीने बाजारात आणली. म्हणजे ही कल्पना आता आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

मुरण्याच्या या वर्षांत पिंपातले मद्य थोडे थोडे उडून जाते. उष्ण प्रदेशात ही घट फ्रान्समधल्या थंड तळघरांपेक्षा कितीतरी अधिक असते. त्या घटीला तेथील कारागिरांनी एक सुंदर नाव दिले आहे: देवदूतांचा वाटा. या नावाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सप्ताहात गोव्यातील एका स्नेह्यांच्या घरी अशा रमची चव घेण्याचा योग आम्हांला आला. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला; त्याने ती बाटली आणली होती. निमुळत्या तोंडाच्या पेल्यात जेमतेम दोन चमचे रम होती. रंग जुन्या सागवानी कपाटासारखा. उसाची वस्तू म्हटल्यावर काकवीचा किंवा गुळाचा गोडसर वास येईल अशी आमची अपेक्षा होती. तसे काहीच झाले नाही. प्रथम आला तो हिरवा ऊस दाताने सोलताना येतो तो गवताळ, ओलसर वास. थोडे थांबल्यावर वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा, मग लवंगेचा, मग वर्षानुवर्षे बंद असलेल्या लाकडी पेटीचा. जिभेवर गोडवा मुळीच नव्हता. साखर वाफेबरोबर वर चढत नाही, ती आंबताना संपते किंवा भांड्यातच राहते. होता तो काताचा असावा तसा तुरटपणा आणि मागून मिऱ्याची ऊब. घोट घशाखाली उतरल्यावरही बऱ्याच वेळाने तोड झालेल्या फडातील वाळत्या पाचटाचा वास श्वासात येत राहिला. त्या दोन चमच्यांना अर्धा तास पुरला. दुसऱ्यांदा घ्यावेसे कोणालाच वाटले नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

हा अनुभव केवळ सुखाचा होता की ज्ञानाचाही? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात संयमाची चर्चा करताना या प्रश्नाला हात घातला आहे. त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. असंयमी मनुष्य जिभेचा गुलाम असतो असे आपण समजतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की तसे नाही. जिभेचे काम चवीचवींतला भेद ओळखण्याचे आहे; ते काम मद्याची पारख करणारे आणि पदार्थ सिद्ध करणारे करतात. असंयमी माणसाला त्या भेदात रस नसतो, त्याला हवा असतो केवळ स्पर्श, घशाखाली उतरण्याचे सुख. म्हणूनच एका खादाडाने आपला गळा करकोच्यासारखा लांब व्हावा अशी प्रार्थना केली, असे उदाहरण तो देतो. त्याने तरबेज जीभ मागितली नाही, लांब गळा मागितला! बेताल पिणाऱ्याचेही असेच असते. त्याला चवीचे वेड आहे म्हणावे, तर चव ही गोष्ट त्याच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

संत थॉमस अक्विनास यांनी ही विचारसरणी पुढे नेली. इंद्रियसुखाच्या अतिरेकाला त्यांनी दुर्गुण ठरवले आहेच. परंतु सृष्टीतील सुखाबद्दल मुद्दाम बधिर होऊन राहणे, यालाही त्यांनी दुर्गुणच म्हटले आहे. आमच्या पिढीच्या सेमिनरीत हा मुद्दा शिकवला जाई तेव्हा काही विद्यार्थ्यांच्या भुवया उंचावत. अन्नाला चव नाही असे मानणारा मनुष्य अधिक पवित्र होतो, अशी एक समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. ती थॉमस यांची नव्हे.

मद्याबद्दल तर त्यांनी नेमका नियमच घालून दिला आहे. कोणतेही अन्न किंवा पेय स्वतः होऊन निषिद्ध नाही. (आपल्या राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीतील द्राक्षारसापुरती वाट मोकळी ठेवली, हे येथे आठवावे.) परंतु परिस्थितीने ते निषिद्ध होऊ शकते. पिणाऱ्याला ते सहज बाधत असेल किंवा तो व्रताने बांधलेला असेल. पिण्याचे प्रमाण सुटले असेल. अथवा त्याच्या पिण्याने दुसऱ्याचे पाऊल घसरणार असेल. हे तीन अपवाद आपल्या जिल्ह्याला लावून पाहिले पाहिजेत, कारण येथे ते पुस्तकी राहत नाहीत.

हातभट्टीच्या दारूला कोणी चवीसाठी पीत नाही. गूळ आणि नवसागर घालून दिवसांत तयार होणारे ते द्रव्य दिवसभराच्या शिणवट्यावर आणि अपमानावर पांघरूण घालण्यासाठी प्यायले जाते. पांगरमल या आपल्याच नगर तालुक्यातील गावी 2017 च्या फेब्रुवारीत निवडणुकीच्या मेजवानीतील विषारी दारूने माणसे मेली, हे आपण विसरू शकत नाही. दारूची दुकाने बंद व्हावीत म्हणून गावोगावच्या स्त्रिया मतपत्रिकेवर आडव्या बाटलीपुढे शिक्का मारतात, त्यांना 'चवीचा विवेक' समजावण्याचे धाडस आम्ही करणार नाही. व्यसनाने ज्याला पकडले आहे त्याच्यासाठी मोजका घोट असा काही नसतो. तो आजार आहे आणि त्यावर पूर्ण वर्ज्य हाच उपाय आहे. त्याच्या शेजारी बसून जो पितो तो प्रेमाविरुद्ध अपराध करतो. आणि जो निरोगी आहे त्यानेही जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्टपणे सांगितलेली गोष्ट ऐकावी: आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेच प्रमाण नाही. तेव्हा आम्ही कोणाला पेला उचलण्याचा सल्ला देत नाही. मद्य न घेणाऱ्याचे काहीही बिघडत नाही. चवीचा विवेक त्याला चहाच्या घोटात आणि भाकरीच्या तुकड्यातही शिकता येतो.

परंतु एवढ्यावर विषय संपत नाही. संत थॉमस यांचे तिन्ही अपवाद पाहा: पिणारा, प्रमाण आणि पाहणारा. हे तिन्ही मेजाच्या भोवतीचे आहेत. ज्याच्या हातून ती वस्तू निर्माण झाली तो मेजावर नाही, म्हणून तो प्रश्नातही नाही. आमच्या अल्प बुद्धीला असे वाटते की उसाच्या बाबतीत एक चौथा प्रश्न विचारल्यावाचून चवीची ओळख पुरी होत नाही: हा ऊस कोणी तोडला?

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने रसिकतेवरील आपल्या 1757 च्या निबंधात डॉन किहोतेच्या कथेतली एक गंमत सांगितली आहे. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातील मद्याची पारख करण्यास बोलावले. एकाने सांगितले, मद्य उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, उत्तम, पण किंचित लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीत अडकवलेली एक जुनी किल्ली सापडली! खरी जीभ पिंपात काय पडले आहे ते सांगते, हे ह्यूमचे तात्पर्य. आम्हांला त्यापुढे एवढेच विचारायचे आहे की मार्टिनिकच्या पिंपात आणखी एक लोखंड होते, ते कोणाच्या जिभेला लागले? ते लोखंड कोयत्याचे होते आणि पायातील बेडीचेही.

त्या बेटावर आसवनीची कला सुधारण्याचे श्रेय ज्याला देतात तो एक धर्मगुरू होता. फादर लाबा हे त्याचे नाव, डॉमिनिकन संघाचा. 1694 मध्ये तो मार्टिनिकला आला, संघाचा उसाचा मळा त्याने भरभराटीला आणला, भट्ट्या सुधारल्या. आजही त्याच्या नावाची रम शेजारच्या मारी-गालांत बेटावर मिळते. तो मळा गुलामांच्या श्रमावर चाले. चेटुक केल्याच्या आरोपावरून एका गुलामाला आपण कसे निर्दयपणे फटके मारवले, हे त्याने आपल्या प्रवासग्रंथात स्वतः नोंदवले आहे आणि त्यात त्याला लाज वाटल्याचे दिसत नाही. आमच्याच व्रतातील, शिकलेला, चौकस, हिशेबी मनुष्य. त्याच्या जिभेला रसाचा आंबूसपणा कळत होता, अर्काची तीव्रता कळत होती. चवीच्या ज्ञानात तो कमी नव्हता. त्याचे ज्ञान पेल्याच्या काठाशी थांबत होते.

1848 साली तेथील गुलामगिरी संपली. मळे ओस पडू नयेत म्हणून पुढे माणसे आणली गेली ती आपल्या देशातून. 1853 मध्ये पहिले जहाज लागले आणि पुढल्या तीस वर्षांत पंचवीस हजारांहून अधिक हिंदी मजूर, त्यांतील बहुसंख्य तमिळ, पुदुच्चेरी आणि कारैकल येथून करारावर तेथे गेले. म्हणजे ज्या दशकांत 'शेतकी' रम जन्माला आली त्याच दशकांत त्या उसाला हिंदी हातही लागले होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने प्रवरेचा काठ हिरवा केला. श्रीरामपूर, राहाता, राहुरी, कोपरगाव येथे उसाचे वैभव उभे राहिले. पाथर्डी, जामखेड या आपल्याच तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून मात्र दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसांची मोजणी अवजाराच्या नावाने होते, यातच सारे आले. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. आजारपणामुळे दिवस बुडाला तर खाडा मांडायचा. लेकरे कोपीच्या दारात. येथे कोणी गुलाम नाही, कोणाच्या पायात बेडी नाही, आणि तशी तुलना करणे मार्टिनिकच्या मृतांवर अन्याय करणे होईल. परंतु फिटता न फिटणारी उचल माणसाला कुठवर मोकळे ठेवते, हा प्रश्न प्रत्येक हंगामात उभा राहतो. सहकाराने ऊस पिकवणाऱ्याला कारखान्याचा मालक केले, ही आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेली मोठी देणगी आहे. ऊस तोडणाऱ्याला मात्र त्या भागभांडवलात जागा झाली नाही.

येथे निर्व्यसनी वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. आपण रम पीत नाही, म्हणून हे ऋण आपले नाही, असे त्याला वाटत असेल तर त्याने सकाळच्या चहाकडे पाहावे. त्याच उसाची साखर त्यात आहे. होळीच्या पुरणात त्याच उसाचा गूळ आहे. 1791 पासून इंग्लंडमधील अनेक कुटुंबांनी गुलामांच्या श्रमाची म्हणून वेस्ट इंडीजची साखर सोडली. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे अशी तीन लाख माणसे होती. त्यांच्यापैकी काही जण पुढे हिंदुस्थानातील साखर वापरू लागले आणि ती गुलामांनी केलेली नाही, अशी अक्षरे त्यांच्या साखरेच्या भांड्यांवर उमटली. त्यांच्या त्यागाला आम्ही वंदन करतो. पण ती अक्षरे वाचून भांडे पुढे ओढणाऱ्याने बंगालच्या उसाच्या फडात कोण, कोणत्या मजुरीवर राबत आहे हे विचारले असेल काय? वर्ज्य करणे सोपे असते. ते मद्याच्या पापापासून माणसाला वाचवते. श्रमाच्या ऋणातून त्याला मुक्त करीत नाही.

आमच्या परिसरातील अनेक सज्जन बागायतदार दारूला स्पर्श करीत नाहीत. रविवारी त्यांची जागा पहिल्या बाकावर असते. फडातील तोडकरी संध्याकाळी दारू पितो म्हणून ते हळहळतात आणि त्यांची हळहळ खोटी नसते. त्यांना आम्ही नम्रपणे एवढेच सुचवू की त्या तोडकऱ्याच्या पेल्याबरोबर त्याची उचलही पाहावी. त्याचे व्यसन हा त्याचा दोष असेल. त्याचे कोपीतले जिणे हा केवळ त्याचा दोष नाही. संयम हा सद्गुण आहे, पण त्याची ढाल करून न्यायाचा प्रश्न टाळता येत नाही.

मग चौथ्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे? आता देवदूतांच्या वाट्याकडे वळू. आसवनीच्या वहीत दरवर्षी उडून जाणाऱ्या मद्याची नोंद होते. ती घट कोणी चोरी मानीत नाही, मालक ती आनंदाने सोसतो, कारण त्याशिवाय मुरणे नाही. अदृश्य देवदूतांचा वाटा ज्या जगाने इतक्या सहजपणे हिशेबात धरला, त्या जगाला दिसणाऱ्या, घामाने भिजलेल्या माणसाचा वाटा हिशेबात धरणे अशक्य का व्हावे? 2024 च्या जानेवारीत बैठका आणि संपाचे इशारे यांनंतर तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. म्हणजे विचारणारे उभे राहिले की वाटा वाढतो. आपल्यापैकी कोणी कारखान्याचे सभासद आहेत, कोणी वाहतुकीचे ठेकेदार, कोणी शिक्षक, कोणी नुसतेच साखर खाणारे. सभासदाने वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर तोडकऱ्याच्या विम्याविषयीही विचारावे. ठेकेदाराने उचलीचा हिशेब वाचता येईल असा लिहून द्यावा. शिक्षकाने कोपीवरची मुले साखरशाळेत किंवा जवळच्या शाळेत हंगामभर तरी बसतील हे पाहावे. आणि नुसते खाणाऱ्याने निदान खाताना आठवावे.

जीभ हे इंद्रिय निर्मात्याने दोन कामांसाठी दिले आहे: चव घेण्यासाठी आणि बोलण्यासाठी. पहिल्या कामात ती जे ओळखते ते दुसऱ्या कामात तिने सांगितले पाहिजे. येत्या हंगामात तोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतील, तेव्हा आपल्या जिभेने त्या माणसांशी काय बोलावे, याचा विचार प्रत्येक घराने आतापासून करावा.